आइसक्रीम वेल छाटूनही परत का येते, आणि ओढ्याकाठच्या कुंपणावर ती ठेवावी का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. चार वर्षांपूर्वी सोलापूर रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेतून आपण आइसक्रीम वेलीची एक पिशवी आणली, कोथरूडमधल्या बंगल्याच्या मागच्या कुंपणभिंतीशी लावली आणि दुसऱ्याच पावसाळ्यात तिने भिंत झाकून टाकली. आता ती शेजाऱ्यांच्या शेवग्यावर आणि सोसायटीच्या कडुनिंबावर चढली आहे. गेल्या वैशाखात आपण ती जमिनीलगत कापली, पण आषाढ संपता संपता ती होती तशी परत आली. आईंना पूजेसाठी ती फुले हवी असतात, मुलांना तिच्यावरच्या मधमाश्या पाहायला आवडतात, शेजारी मात्र वैतागले आहेत. कोणी मुळाशी मीठ घाला म्हणतात, कोणी डिझेल ओता म्हणतात. वेल ठेवावी की काढावी, आणि काढायची तर कशी, असे आपण विचारले आहे.

पुण्यात बागांची देखभाल करण्याचे काम मी सव्वीस वर्षे करत आलो आहे आणि ही वेल मी लावलीही आहे, काढलीही आहे. आपल्या प्रश्नातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य मात्र आपण कंसात लिहिले आहे: ‘भिंतीमागे ओढा आहे, पण तो पावसाळ्यातच वाहतो.’ हे वाक्य नसते, तर माझे उत्तर वेगळे झाले असते. शेजाऱ्यांची नाराजी, शेवगा, कडुनिंब या सगळ्याला छाटणीने तोंड देता येते. ओढ्याला देता येत नाही. का, ते समजण्यासाठी ही वेल जगते कशी, हे आधी पाहावे लागेल.

आइसक्रीम वेल म्हणजे अँटिगोनॉन लेप्टोपस. ती मूळची मेक्सिकोची. तिकडे तिला वर्षातले बरेच महिने कोरड्या जमिनीत काढावे लागतात, म्हणून तिने जमिनीखाली कंदांचे कोठार बाळगले आहे. आपण वर पाहतो ती बदामाच्या आकाराची सुरकुतलेली पाने आणि गुलाबी फुलोरा हा त्या कोठाराचा हंगामी पसारा आहे, असे समजावे. गंमत म्हणजे ती आपल्या भाजीतल्या चुक्याच्या कुळातली आहे. फूल उलटून पाहिले की ज्यांना आपण पाकळ्या समजतो त्या खऱ्या पाकळ्या नसून फुलाची रंगीत दले आहेत, हे लक्षात येते. ती फूल मिटल्यावर गळत नाहीत, तर आतल्या फळाभोवती कागदासारखी चिकटून राहतात. त्यामुळे फुलोऱ्यावर अजून फुलेच आहेत असे आपल्याला वाटत राहते आणि त्याच वेळी आत तीन कडांचे तपकिरी बी पक्व होत असते. हा बारकावा पुढे उपयोगी पडणार आहे.

आता आपली छाटणी का फसली ते पाहू. पावसाळ्यापासून थंडीपर्यंत पानांनी तयार केलेले अन्न वेल कंदांत साठवत जाते. वैशाखात, विशेषतः तिला पाणी मिळत नसेल तर, ती अर्धी झोपलेली असते; कोठार भरलेले असते आणि वरच्या वाळक्या पसाऱ्यात तिचे फारसे काही गुंतलेले नसते. म्हणजे आपण कापली ती वेळ वेलीच्याच सोयीची होती. तिने एक उन्हाळा नुसता काढला आणि मृगाच्या पहिल्या पावसावर भरल्या कोठारातून नवे कोंब सोडले. याउलट श्रावणात तिने नवी पाने काढण्यासाठी साठा खर्च केलेला असतो आणि तो अजून भरून निघालेला नसतो. त्या दिवसांतली कापणी तिला खरोखर महागात पडते. माझ्याकडे विचारणा करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी वेल उन्हाळ्यात कापलेली असते, कारण त्या दिवसांत ती ओकीबोकी दिसते, मजूर मिळतात आणि चिखल नसतो. सोय आपली पाहिली जाते, वेलीचे वेळापत्रक कोणी पाहत नाही.

कंदांमुळे वेल हटत नाही, आणि बियांमुळे पसरते. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक ते एकच समजतात. कंद आपल्या भिंतीपाशी राहतात. त्यांचा त्रास आपल्यापुरता आणि फार तर शेजाऱ्यांपुरता असतो. बी मात्र प्रवास करते. तिचे फळ पाण्यावर तरंगते, आणि इथे तुमचा ओढा येतो. पुण्याचे ओढे आठ महिने कोरडे असतात म्हणून आपण त्यांना हिशेबात धरत नाही. पण भाद्रपदातल्या एका तासाच्या जोरदार पावसात तेच ओढे काठोकाठ भरून धावतात. कोथरूडचे ओढे मुठेला मिळतात, मुठेचे पाणी पुढे मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत जाते. आपल्या भिंतीवरून पडलेले बी एवढे सगळे अंतर जाईलच असे नाही, पण पहिल्या वळणावरच्या गाळात अडकून रुजायला त्याला काहीच अडचण नाही. तिथे छाटणी करायला कोणी नसते.

हे मी ऐकीव सांगत नाही. सुरुवातीच्या वर्षांत एका टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या बंगल्याच्या मागच्या तारेच्या कुंपणावर मी याच वेलीची सहा रोपे लावली होती. मालकांना लवकर आडोसा हवा होता आणि मला लवकर शाबासकी हवी होती. या वेलीने दोघांनाही निराश केले नाही. कुंपणाखालून ओहोळ जात होता. तीन-चार वर्षांनी दुसऱ्या कामासाठी त्याच ओहोळाच्या खालच्या अंगाला गेलो, तेव्हा साधारण अर्ध्या किलोमीटरवर, पलीकडच्या काठावर, बाभळी आणि करंज गुलाबी झालेले दिसले. झाडाखाली उभे राहून वर पाहिले तर करंजाच्या पानांपर्यंत ऊन पोचतच नव्हते. ती वेल तिथे कोणी मुद्दाम लावलेली असण्याची शक्यता नव्हती. मी लावलेल्याच रोपांची ती संतती होती, असे सिद्ध करता येणार नाही. पण त्या दिवसापासून वाहत्या पाण्याजवळ ही वेल मी लावलेली नाही.

या ठिकाणी एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो रास्त आहे: परदेशी म्हणून एवढा बाऊ का? मिरची, टोमॅटो, पेरू, बोगनवेल, सगळेच परदेशी आहे. खरे आहे. परदेशी असणे हा दोष नाही. लावलेल्या जागेबाहेर, कोणाच्या मदतीशिवाय वाढून तिथल्या झाडाझुडपांची जागा बळकावणे हा दोष आहे, आणि तो प्रत्येक वनस्पतीत नसतो. शिवाय तो जागेवरही अवलंबून असतो. आपली माधवीलता घ्या; संस्कृत काव्यात आंब्याला बिलगणारी, आपल्या जंगलांत गुण्यागोविंदाने राहणारी. तीच माधवीलता मॉरिशस आणि रियुनियन बेटांवर तिथल्या रानांना गिळणारी उपद्रवी वेल ठरली आहे. आइसक्रीम वेलीचे उलट आहे. कॅरिबियन समुद्रातले सेंट युस्टेशियस हे जेमतेम २१ चौरस किलोमीटरचे बेट. तिथल्या पडीक शेतजमिनींवर या वेलीची गोधडी पसरली आहे. प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर आणि अमेरिकेतल्या फ्लोरिडातही ती उपद्रवी वेलींच्या यादीत आहे.

पुण्यात ती त्या थराला गेली आहे, असे मी म्हणणार नाही. इथला लांबलचक कोरडा काळ तिला थोडा आवर घालतो. पण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात घाणेरी शोभेचे झुडूप म्हणूनच आली होती, आणि आपल्या नदीत दर वर्षी माजणारी जलपर्णीही जांभळ्या फुलांसाठीच जगभर फिरवली गेली. दोन्हींच्या बाबतीत काळजीची वेळ आली, तेव्हा काढण्याची वेळ निघून गेली होती.

तेव्हा माझा सल्ला परिस्थितीनुसार असा राहील. आपल्या बंगल्याच्या चारही बाजूंना फरसबंदी, रस्ते आणि दुसरे बंगले असते, तर मी वेल ठेवायला सांगितले असते, अटींवर. ओढा, नाला, टेकडीचा उतार किंवा मोकळे रान लागून असेल, तर जमिनीतली वेल काढावी. आपली जागा दुसऱ्या प्रकारात मोडते, म्हणून काढावी. मधला मार्ग म्हणून आईंसाठी एक वेल पुढच्या अंगणात ठेवता येईल. त्याविषयी नंतर लिहितो.

काढण्याचे काम दोन पावसाळ्यांचे आहे, हे आधीच मनाशी धरावे. एका रविवारी संपेल, या आशेने सुरुवात करणारे दुसऱ्या रविवारी सोडून देतात. चैत्र-वैशाखात वेल जमिनीपासून वीतभर उंचीवर कापावी. एवढ्याने ती मरत नाही, हे वर आलेच आहे; ही कापणी फक्त पसारा उतरवण्यासाठी, खरे काम त्यानंतरच्या पावसाळ्यात. झाडांवर चढलेला भाग ओढून काढू नये. शेवग्याची फांदी किती ठिसूळ असते, हे आपल्याला ठाऊक आहेच. वेलीबरोबर फांदीही हातात येते. खाली कापून वरचा पसारा तसाच वाळू द्यावा, दोन-तीन आठवड्यांत तो हलका होतो आणि मग कापून काढताना झाडाला इजा होत नाही. त्याआधी आत बुलबुलाचे किंवा शिंप्याचे घरटे नाही ना, हे पाहावे. असेल तर पिले उडेपर्यंत तेवढा भाग राहू द्यावा. विजेच्या तारेपर्यंत वेल गेली असेल, तर स्वतः हात लावू नये, महावितरणला कळवावे. कडुनिंबाच्या फांद्या तोडण्याची वेळ आली, तर महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते. वेल काढायला ती लागत नाही, पण लोक वेल काढता काढता झाडही ‘साफ’ करून टाकतात, म्हणून सांगितले.

कापल्यावर जेवढे सहज निघतील तेवढे कंद तेव्हाच कुदळीने काढावेत, पण उन्हाळ्यात आपल्याकडचा मुरूम दगडासारखा झालेला असतो आणि कंद नेमके कुठे आहेत हे कळत नाही, म्हणून त्यात फार शक्ती घालवू नये. खरी खणणी पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसांनंतर करावी. माती मऊ झालेली असते आणि कोंब स्वतःच पत्ता सांगतात. कोंब हाताने उपटू नये. तो तुटतो, कंद राहतो आणि आपली खूण मात्र नाहीशी होते. कोंबाच्या कडेने खुरप्याने माती मोकळी करत खाली जावे. कंद लहान रताळ्यासारखे असतात आणि बऱ्याचदा एकाला लागून दुसरा असे सापडतात. एक मिळाला की शेजारी चाचपून पाहावे. तीन-चार वर्षांच्या एका वेलीखालून माझ्या माणसांनी दोन घमेली भरून कंद काढलेले आहेत, आणि तरीही पंधरा दिवसांनी तिथे पुन्हा कोंब दिसले होते.

काही कंद भिंतीच्या पायाखाली गेलेले असणार. ते मिळणार नाहीत, आणि त्यांच्यासाठी पाया उकरू नये. त्यांना उपाशी ठेवणे एवढाच मार्ग आहे. कोंब वीतभर झाला, दोन-चार पाने उघडली की कापायचा. तोवर त्याने कंदातले अन्न वापरलेले असते आणि परत काही दिलेले नसते. मृगापासून दिवाळीपर्यंत दर पंधरा दिवसांनी भिंतीलगत एक फेरी मारावी. एकादशीची खूण धरली की चुकत नाही. माझ्या एका ग्राहक आजींनी ती युक्ती काढली होती आणि मी ती पुढे सगळ्यांना सांगत आलो. पहिल्या पावसाळ्यात कोंब भरपूर येतील, दुसऱ्यात विरळ आणि काटकुळे. एक फेरी चुकली तर बिघडत नाही, पण सलग दीड-दोन महिने दुर्लक्ष झाले, तर कोठार पुन्हा भरायला लागते आणि बरेच कष्ट वाया जातात. म्हणून गणपती-दसऱ्याच्या सुट्टीत गावी जाणार असाल, तर निघण्यापूर्वीची फेरी चुकवू नका.

निघालेले कंद आणि फुलोरे सोसायटीच्या खतखड्ड्यात टाकू नका. ओलाव्यात कंद आनंदाने फुटतात आणि मग तेच खत सगळ्या कुंड्यांत जाते. ओढ्यात टाकू नका, हे वेगळे सांगायला नको. पण बागेचा पालापाचोळा भिंतीवरून ओढ्यात लोटण्याची सवय आपल्याकडे इतकी सार्वत्रिक आहे की सांगतोच. कंद मधोमध चिरून गच्चीवर, उघड्या सिमेंटवर ठेवावेत. कडक उन्हात ते काही आठवड्यांत खडखडीत वाळतात. पावसाळ्यात निघालेले कंद जाड काळ्या पिशवीत बांधून उन्हाच्या जागी ठेवावेत आणि कुजल्याची खात्री झाल्यावरच कचऱ्यात द्यावेत.

मीठ आणि डिझेल यांविषयी स्पष्टच लिहितो. मीठ कंदापर्यंत पुरेसे पोचत नाही. मातीत मात्र राहते आणि तिथे पुढे काही लावले तर तग धरत नाही. डिझेल माती बिघडवते आणि पहिल्या पावसाबरोबर ओढ्यात जाते. दोन्ही उपाय करून झालेल्या जागा मी पाहिल्या आहेत. तिथे दूर्वा नव्हत्या, आइसक्रीम वेल होती. तणनाशकाचे विचाराल, तर कापलेल्या बुंध्यावर लगेच ते लावण्याची पद्धत अनेक देशांत वापरतात आणि ती काही प्रमाणात लागू पडते. पण आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर कीड नियंत्रणाचे काम करणाऱ्या व्यावसायिकांपुरता मर्यादित करण्याची अधिसूचना काढली. कायद्याचा भाग बाजूला ठेवला तरी, वाहत्या पाण्याच्या काठावर आणि शेजाऱ्यांच्या खाण्याच्या शेवग्याखाली मी तरी ते वापरणार नाही. एका वेलीसाठी खुरपे पुरते.

आता आईंच्या फुलांकडे येतो. पुढच्या अंगणात फरशी असेल आणि तिथून पाणी थेट ओढ्यात जात नसेल, तर अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये एक वेल ठेवता येईल. ड्रम मातीवर टेकवू नये. खाली विटा घालून फरशीवर उचलून ठेवावा, नाहीतर भोकातून मुळे उतरतात आणि कंद पुन्हा जमिनीत जातात. भरपूर ऊन लागते, सावलीत ती फुलत नाही. मांडव लहान ठेवावा, हात पोचेल एवढाच. पूजेसाठी सुटी फुले न वेचता फुलोऱ्याचा तुराच देठापासून खुडावा. या वेलीचे तणावे फुलोऱ्याच्या टोकाला असतात. त्यांनीच ती पुढचा आधार पकडते. तुरा खुडला की चढणारे टोकही जाते आणि बीही धरत नाही. म्हणजे देवाला वाहिलेला प्रत्येक तुरा ही एक छाटणीच होते. जे तुरे राहतील ते रंग उडून कागदी दिसू लागण्याच्या आत कापावेत. वर सांगितलेला फुलाचा बारकावा इथे कामाला येतो: फिका गुलाबी, कोरडा तुरा म्हणजे फुले नव्हेत, ते बियाणे आहे. हे दर आठवड्याला होणार नसेल, तर ड्रमही ठेवू नये.

मधमाश्यांचे म्हणाल, तर त्या या वेलीवर तुटून पडतात हे खरे, आणि त्यामुळे वेल काढताना अपराधी वाटते हेही मी समजू शकतो. पण त्यांना मधासाठी हीच वेल लागते असे नाही. भिंत एकदम बोडकी न करता निम्मी-निम्मी मोकळी करावी आणि मोकळ्या भागात दुसरे काही लावत जावे. जुई भिंतीसाठी उत्तम, आटोपशीर राहते. कुसर ही आपल्या सह्याद्रीतली रानमोगऱ्याच्या जातीची वेल, उन्हाळ्यात पांढऱ्या सुवासिक फुलांनी भरते, एकदा रुजली की पाण्याचे लाड मागत नाही. रोप मिळायला थोडी शोधाशोध करावी लागते. मोरवेल पावसाळ्यानंतर फुलते. कंद पूर्ण संपेपर्यंत तात्पुरते काही हवे असेल, तर गोकर्ण पेरावी. ती पटकन वाढते आणि तिच्या मुळाशी कोंब शोधताना अडचण होत नाही. माधवीलता मला स्वतःला सर्वांत प्रिय आहे, पण ती पुढे जाडजूड होते आणि आपल्या भिंतीला तिचे वजन पेलणार नाही. मधुमालती सुचवणारे भेटतील. ती गुलाबी आहे, वासाची आहे, पण तीही मुळांतून फुटवे काढते; एका हट्टी वेलीच्या जागी दुसरी आणण्यात मला अर्थ दिसत नाही. यांपैकी कोणतीही एका पावसाळ्यात भिंत झाकणार नाही, आणि इतका भडक गुलाबीपणाही त्यांत नाही. हे घरच्यांना आधी सांगून ठेवलेले बरे.

शेजाऱ्यांच्या बाजूचा प्रश्न राहिला. वेल भिंतीखालून त्यांच्या आवारात रुजली असेल, तर आपल्या बाजूची कितीही फेरी मारली तरी त्यांच्या बाजूचे कंद स्वतंत्रपणे फुटत राहतील. म्हणून पहिल्या खणणीच्या दिवशी त्यांनाही बोलवावे आणि दोन्ही बाजू एकाच सकाळी उकराव्यात. ओढ्याच्या काठावर आपल्या वेलीची रोपे आधीच उगवली असतील, तर ती पहिल्या वर्षात नुसत्या हातानेही निघतात, कारण तेव्हा कंद बोटाएवढाच असतो. आषाढात पाऊस उघडला की गमबूट घालून ओढ्याच्या काठाने खालच्या अंगाला निदान पहिल्या वळणापर्यंत जाऊन पाहावे. बदामी, सुरकुतलेले पान आणि लालसर कोवळे देठ दिसले की तीच. काय सापडले ते इथे कळवलेत, तर पुढचे सांगता येईल.